गेला!

मराठीत 'गेला' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. त्यातून आमचं गाव लोणावळा. इथे जून लागला की एकेक गोष्ट जायला सुरुवात होते. आधी वीज जाते, मग टीव्हीचं चित्र जातं, मग समोरचा डोंगर धुक्यात जातो. कपड्यांचा कुबट वास तेवढा काही केल्या जात नाही. या जाण्याचं आम्हांला सोयरसुतक नसतं, कारण गेलेलं सगळं दसऱ्यापर्यंत परत येतं. उरलेला 'गेला' आम्ही क्रिकेटवर खर्च करतो. इंग्रजांचा फलंदाज 'आउट' होतो, म्हणजे नुसता बाहेर पडतो. आमचा सरळ जातो. सरदेसाई गेला, सोलकर गेला, इंजिनिअर गेला. ही माणसं एकेका मोसमात पंधरा-पंधरा वेळा गेली आणि दुसऱ्या डावात पॅड बांधून परत आली.

त्यामुळे १५ ऑगस्ट २०१८ च्या रात्री गार्डसाहेबांचा फोन आला आणि ते म्हणाले, "वाडेकर गेला," तेव्हा त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी नागपंचमी होती. जेवणात पुरणाची दिंडं झाली होती, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि झेंडावंदनाच्या सुट्टीला भुशी धरणावर भिजायला आलेली अर्धी मुंबई परतीच्या वाटेवर आमच्या गल्लीत हॉर्न वाजवत अडकली होती.

"कोण गेला?" स्वयंपाकघरातून आमच्या हिने विचारलं.

"वाडेकर."

"किती करून?"

तिचा दोष नाही. रेडिओ सुरू असलेल्या घरात ती वाढली. जेवायला वाढता वाढता हा प्रश्न विचारायचा तिच्या आईचा प्रघात होता, तोच ती चालवत होती. मीही सवयीने उत्तर देऊन गेलो, "सत्त्याहत्तर."

"अगबाई, मग बरेच केले की!" असं म्हणून ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून तिथेच थांबली.

आता आमच्या मंडळीविषयी थोडं सांगायला हवं. गार्डसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, पण आमच्या गार्डसाहेबांना तसं म्हणायची कुणाची छाती नाही. दुसरे मास्तर. त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि शाळेबाहेर सामन्यांचे स्कोअर लिहिले. रेडिओ ऐकत, रुळाने आखलेल्या वहीत, दोन रंगांच्या शाईने. तिसरे चिक्कीवाले शेठ. यांचं क्रिकेटचं ज्ञान बेताचं, पण रेडिओ उत्तम होता आणि गिऱ्हाईक नसलं की शेंगदाण्याचा चुरा फुकट मिळायचा. १९७१ साली आम्ही सगळे तरुण होतो. त्या दुकानाच्या फळीवर बसून आम्ही वाडेकरला कप्तान केला. विजय मर्चंट यांनी निवड समितीत आपलं निर्णायक मत टाकून पतौडीच्या जागी त्याला नेमला, असं पेपरात आलं खरं. पण त्याआधी आठ दिवस शेठच्या फळीवर ठराव पास झाला होता.

वाडेकर आमचा का, तर तो आमच्यासारखा होता म्हणून. नवाब नाही, राजपुत्र नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात सायन्स घेतलेला मुलगा. तो स्वतःच सांगायचा की कॉलेजच्या बसमध्ये बाळू गुप्ते भेटला, त्याने बारावा गडी म्हणून येतोस का विचारलं, दिवसाला तीन रुपये मिळणार होते, म्हणून गेला. तीन रुपयांसाठी गेलेला माणूस देशाचा कप्तान होतो, ही गोष्ट मध्यमवर्गाला महाभारताहून प्रिय. शिवाय नोकरी स्टेट बँकेत! त्या काळच्या आया मुलांना क्रिकेट खेळू देत नसत. "वाडेकर बघा, खेळतो पण नोकरी सांभाळून," एवढ्या एका वाक्यावर आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांना बॅट मिळाली. नोकरी मिळाली ती नंतर, आणि बॅट तेव्हा पोटमाळ्यावर गेली.

त्याच्या कप्तानीच्या पहिल्याच कसोटीने लोणावळा खिशात घातला, आणि त्याचं कारण पाऊस. १९७१ च्या फेब्रुवारीत वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनला सामन्याचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. नंतर भारताने ३८७ केल्या, त्यांत सरदेसाईच्या एकट्याच्या २१२. वेस्ट इंडीज २१७ मध्ये आटोपले. म्हणजे १७० मागे. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला दोनशेची आघाडी लागते, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं आणि सोबर्सलाही ठाऊक होतं. पण पहिला दिवस गेला म्हणजे सामना चार दिवसांचा, आणि चार दिवसांच्या सामन्याला दीडशे पुरतात, हे वाडेकरला ठाऊक होतं. तो त्यांच्या खोलीत गेला आणि सोबर्सला म्हणाला, पुन्हा खेळायला या. वेस्ट इंडीजला फॉलोऑन! भारताकडून! सामना अनिर्णित राहिला, पण मास्तरांना तो आठवडा शाळेत आवरणं कठीण झालं. तिन्ही तुकड्यांना त्यांनी एकच उदाहरण घातलं. आणि गावाला एकच आनंद, की जगात कुठेतरी पावसाचा कुणालातरी असा रोख उपयोग झाला. आमच्याकडे कित्येक हात पाऊस पडतो, त्यातलं पाणी टाटांची कंपनी धरणांत साठवून खाली खोपोलीला सोडते आणि वीज मुंबईला जाते. आमच्या वाट्याला बुरशी.

पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, भारत जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला विजय. दुराणीने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडला वाडेकरच्या हातात दिलं. नवा मुलगा गावसकर त्या मालिकेत ७७४ धावा करून गेला. मालिका १-० अशी आपली झाली. शेठच्या वडिलांनी दुकानात वाडेकरचा फोटो लावला, देवांच्या तसबिरीच्या रांगेतच, लक्ष्मीच्या उजवीकडे.

ओव्हलची हकीकत मी किती वेळा सांगितली आहे त्याचा हिशेब मास्तरांकडेही नसेल, पण टाळता येत नाही. २४ ऑगस्ट १९७१, मंगळवार, आणि गणेशचतुर्थी. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. जिंकायला १७३ हव्या होत्या, दोन बाद ७६ झालेल्या होत्या, वाडेकर ४५ वर नाबाद. आपल्याकडचे दुपारचे चार वाजले, तिकडे खेळ सुरू झाला आणि वाडेकर एकही धाव न वाढवता रनआउट. "गेला!" गार्डसाहेब ओरडले. शेठनी रेडिओ बंद केला. मास्तरांनी तो पुन्हा लावला. आमच्याकडे गणपतीची गडबड, शेठच्या रेडिओची एरिअल कौलांवरून ओढलेली, तीवर पावसाचं पाणी, आणि बीबीसीचा आवाज कधी लंडनहून तर कधी विहिरीतून आल्यासारखा. एक धाव मिळवायला आपली मंडळी वर्षश्राद्ध उरकल्यासारखा वेळ घेत होती. तिकडे बाद झालेला कप्तान आत जाऊन चक्क झोपला, आणि जिंकल्यावर त्याला उठवावं लागलं म्हणे! पुढे ही गोष्ट कळली तेव्हा आमच्या हिने त्याला पूर्ण मार्क दिले. "पुरुष एरवीही तेच करतात, पण हा निदान काम करून झोपला."

तिन्हीसांज झाली. मंडळाच्या आरतीची वेळ झाली आणि सहा धावा हव्यात की तीन याचा पत्ता लागेना, कारण नेमकी तेव्हा खरखर वाढली. पुजारी तबक घेऊन उभे. अध्यक्ष म्हणाले, "सुरू करा." गार्डसाहेब म्हणाले, "देव दहा दिवस आहे, अबिद अली दहा मिनिटं." देवालाही ते पटलं असावं, कारण खरखर थांबली आणि अबिद अलीने चौकार मारला. मग जी आरती झाली तशी लोणावळ्यात पुन्हा झाली नाही. झांजा एका लयीत नव्हत्या, शब्द कुणाचे कुणाला जुळत नव्हते, आणि एरवी शेवटी आवाज काढणारी माणसं सुरुवातीपासून ओरडत होती. त्याच दिवशी ओव्हलच्या मैदानात प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून फिरवली होती, हे दोन दिवसांनी पेपरात वाचलं. मास्तर देव मानत नसत. तेही म्हणाले, "योगायोगाला हद्द असते."

आता १९७४. हे मी थोडक्यात उरकतो, कारण तेही थोडक्यातच उरकलं. २४ जून, लॉर्ड्स, भारत सर्व बाद ४२. सतरा षटकं. एकट्या सोलकरच्या नाबाद १८, त्यात एक षटकार. चंद्रशेखरचा अंगठा दुखावलेला, म्हणून तो आलाच नाही. मालिका ३-० ने गेली. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी विमानतळापासून ब्रेबर्नपर्यंत मिरवणूक काढली, त्याच मुंबईत वाडेकरच्या घरावर दगड पडले. इंदूरला विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली होती, तीही लोकांनी विद्रूप केली. त्याला पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं, आणि तेहेतीस वर्षांच्या त्या माणसाने बॅट ठेवून दिली, बँकेत जायला लागला. शेठच्या दुकानातला फोटो उतरला. लक्ष्मीच्या उजवीकडे एक चौकोनी फिकट डाग राहिला, तो नंतर कॅलेंडरने झाकला.

मास्तरांनी त्या दिवशी स्कोअरची वही मिटली. "फलंदाजांनी ४२ केल्या त्याचं मला काही नाही," ते म्हणाले, "पण दगड मारणाऱ्यांसाठी मी हिशेब लिहिणार नाही." त्याच दौऱ्यात जुलैमध्ये लीड्सला भारत पहिलावहिला एकदिवसीय सामना खेळला, त्याचा कप्तानही वाडेकरच, आणि त्याने ६७ केल्या, हे मास्तर सोडून गावात कुणाच्या गावीही नव्हतं. दगड लोणावळ्यातून कुणी नेले नव्हते, हे आम्ही मास्तरांना अनेकदा सांगितलं. मावळात दगडांना तोटा नाही. पण मुंबईला तेवढ्यासाठी कोण जाणार? मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं. "फोटो कुणी उतरवला?"

पुढे १९९३ मध्ये वाडेकर व्यवस्थापक असताना इंग्लंडला आपण ३-० ने धुतलं, तेव्हा शेठ कॅलेंडर हलवून तो डाग बघताना मला दिसले होते. पण फोटो कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग एक दिवस कसोटी क्रिकेटच आमच्या अंगणात आलं. गहुंजे म्हणजे आमचंच मावळ. तिथे एवढं स्टेडियम झालं, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी ठरली. सामना गुरुवारी सुरू होणार होता. गार्डसाहेबांनी सगळ्यांना सोयीचा म्हणून रविवारचा बेत केला, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीसकट. भारत १०५ आणि १०७. पहिल्या डावात शेवटच्या सात विकेटी अकरा धावांत. ओकीफ नावाच्या माणसाने दोन्ही डावांत पस्तीस-पस्तीस धावांत सहा-सहा काढले आणि शनिवारीच सगळं आटोपलं. दशम्या आम्ही घरीच खाल्ल्या. "आता कोहलीच्या घरावर?" असं शेठनी सहज विचारलं. मास्तर म्हणाले, "नाही. हल्ली लोक फोनवरून मारतात, आजीव सभासद असल्यासारखे. घर शाबूत राहतं."

तर असा हा इतिहास. १६ ऑगस्टच्या सकाळी पेपरात वाडेकरचा फोटो, आकडे, ३७ कसोटी, २११३ धावा, वेलिंग्टनचं ते एकुलतं एक शतक, सगळं आलं. गार्डसाहेबांना एकाच गोष्टीचा राग आला. पेपरात सगळीकडे 'वाडेकर म्हणाले', 'वाडेकर गेले', 'वाडेकर यांनी' असं होतं. "हे कोण वाडेकर?" ते म्हणाले. "आपला तर 'वाडेकर आला' होता!" मला ते पटलं. मराठी माणूस देवाला आणि आईला अरेतुरे करतो. तिसरा मान क्रिकेटवाल्याला आहे. आपण ज्याला 'अहो' म्हणतो त्याच्यावर ओरडता येत नाही.

त्याच संध्याकाळी वाजपेयी गेले. सात दिवसांचा दुखवटा लागला आणि साहजिकच पेपर त्यांनी भरले. सतरा तारखेला वाडेकरचे अंत्यसंस्कार झाले, तेव्हा बातमी पहिल्या पानावरून आत गेलेली. शोकसभा घ्यायची हे गार्डसाहेबांनी ठरवलंच होतं. कुणीतरी सुचवलं की दोन्ही एकत्र घेऊ, भाडं वाचेल. इतका वेळ गप्प बसलेले मास्तर म्हणाले, "वाजपेयींना देश आहे. याला आपण आहोत." आणि लगेच पुढे, "मी शोकसभेला येणार नाही. माफीची सभा असेल तर येतो."

सभा रविवारी १९ तारखेला संध्याकाळी झाली. वीसेक माणसं, निथळत्या छत्र्या, आणि फोटोची पंचाईत. वर्तमानपत्रातला कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं चाललं होतं, तेवढ्यात शेठ आले. काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेली चौकट. काचेच्या आत मुंग्यांनी एक कोपरा खाल्लेला, गुळाचा एक ओघळ थेट कॉलरपर्यंत आलेला, पण वाडेकर अगदी तस्सा, १९७१ चा.

मास्तर दारात उभे होते. आले होते, पण आत बसायचं नव्हतं. "कुठे होता हा?"

"माळ्यावर," शेठ खाली बघत म्हणाले. "टाकवला नाही मास्तर."

"चव्वेचाळीस वर्षं?"

"वडिलांनी उतरवला. मी जपून ठेवला."

"म्हणजे बारावा गडी केलात त्याला," मास्तर म्हणाले, आणि आत येऊन बसले. पहिल्याच रांगेत.

भाषण एकट्या गार्डसाहेबांचं झालं. जन्मभर हिरवा-लाल बावटा आणि शिट्टी यांवर काम भागवलेला माणूस, त्याला बोलायची सवय नाही. ते म्हणाले, "कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावतात, तुम्ही रोज बघता. त्यांना बँकर म्हणतात. घाटात सगळी गाडी तीच रेटतात. पुढच्या इंजिनाला एकट्याला ते जमत नाही. लोणावळा आलं की बँकर सोडतात. गाडी पुढे पुण्याला जाते, तिथे हार पडतो तो पुढच्या इंजिनाला. मी आयुष्यभर शेवटच्या डब्यात होतो, म्हणून मला मागचं इंजिन जवळून माहीत आहे. तो दिसायला ढिला होता, चालायचा सावकाश. आपल्याला घाट त्याने चढवला. आणि योगायोग बघा, नोकरीही बँकेतच." एवढं बोलून ते बसले. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कुणाला कळेना.

मग दोन मिनिटं स्तब्धता. मास्तरांनी घड्याळ हातात घेतलं. त्याच वेळी नॉटिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध आपली कसोटी चालू होती, हार्दिक पंड्या विकेटींवर विकेटी काढत होता, आणि आपले खेळाडू वाडेकरसाठी दंडाला काळ्या फिती लावून उतरले होते. आम्ही खाली माना घालून उभे. कौलांवर पाऊस. मिनिटभर झालं असेल, तोच व्हरांड्यात मोबाइल घेऊन बसलेल्या पोरांतून एकजण जिवाच्या आकांताने ओरडला, "गेला!"

वीस माना एकदम वर झाल्या. गार्डसाहेबांच्या तोंडून सवयीने "कोण?" निसटलं. शेठ हसू दाबायला फोटोकडे वळले. मास्तर घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "पन्नास सेकंद आहेत अजून." आम्ही पुन्हा माना खाली घातल्या. ते पन्नास सेकंद फार जड गेले.

फोटो आता दुकानात आहे, लक्ष्मीच्या उजवीकडे. काच बदलली. गुळाचा ओघळ शेठनी मुद्दाम ठेवला आहे.

मास्तर मात्र अजून एका गोष्टीसाठी थांबले होते, हे मला २०२० च्या डिसेंबरात कळलं. करोनाचे दिवस, फळीवर बसणं बंद, जो तो आपापल्या घरी. १९ तारखेला सकाळी ॲडलेडला भारताच्या ३६ झाल्या. ४२ चा नीचांक सेहेचाळीस वर्षांनी मोडला. गंमत म्हणजे इथेही शेवटी एक गोलंदाज हाताला लागून परत गेला, तेव्हा चंद्रशेखर, आता शमी. हाच संघ पुढे ती मालिका २-१ ने जिंकला, पण ते त्या सकाळी कुणाला माहीत नव्हतं. मी डोकं धरून टीव्हीसमोर बसलो होतो. फोन वाजला. मास्तर. आवाज एखाद्या घरात मूल झाल्यासारखा.

"सुटला!" ते म्हणाले.

"कोण सुटला?"

"वाडेकर!" असं म्हणून त्यांनी मला विचारलं की रुळाने आखलेली कोरी वही हल्ली बाजारात कुठे मिळते. टाळेबंदीनंतर दुकानं उघडली होती, पण तसली वही लोणावळ्यात मिळेना. शेवटी गार्डसाहेबांनी तळेगावहून आणली. दोन रंगांच्या शाईचं अजून जमलेलं नाही.